खालून वाचणाऱ्या करुणाबाई

करुणाबाई साळवे आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाखालून हात फिरवला. "नमस्कार, तुम्हीच ना ते डीटीपीवाले?" एवढं विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत तळहात वर करून टेबलाच्या पोटाखाली घातला. तिथं प्लायवूड होतं. ते दोन बोटांनी वाजवून त्या म्हणाल्या, "वर संगमरवर आणि खाली प्लाय? अहो, लोक उलटं करतात." मी सांगितलं की दगड जुना आहे, पाडलेल्या बंगल्यातला, भक्कम राहावा म्हणून विकणाऱ्यानेच खालून प्लाय मारून दिलंय. टवका उडालेल्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, "हं" म्हणाल्या आणि बसल्या.

"टेबलाखाली हात शेंबूड पुसायला घालतात," त्या गेल्यावर आई म्हणाली आणि फडकं घेऊन उठली.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली बंगले पडत होते आणि त्यांच्या जागी पार्किंगच्या खांबांवर उभ्या इमारती येत होत्या. माझी बायको मीना सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. मी पुढच्या खोलीत एक संगणक आणि एक प्रिंटर मांडून लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल असलं काहीबाही जुळवत बसायचो. करुणाबाई मिशनच्या एका छापखान्यात तीस वर्षं कंपोझिटर होत्या. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, उलटी अक्षरं सुलटी वाचायची, हे त्यांचं काम. संगणक आले, छापखाना बंद पडला, खिळे वितळवायला गेले. "म्हणजे माझी नोकरी तुम्ही खाल्लीत," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "पचली असेल तर पुढचं काम देते."

काम होतं एका पुस्तकाचं. पूर्वेकडच्या पेठांपलीकडे एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं पुरलेल्या माणसांवर बाईंनी वही भरून लिहिलं होतं. एका पानावर एक कबर, वर दगडावरचा मजकूर आणि खाली त्यांच्या सहा-सात ओळी. पेठेतल्या तीन पिढ्यांच्या वराती वाजवणारा आणि स्वतः बिनलग्नाचा राहिलेला बँडमास्टर त्यात होता. ज्याचा पाव सोवळ्यातली घरं मागच्या दाराने मागवत, तो बेकरीवाला होता. "घोड्यावर बसलेल्यांचा इतिहास पुण्याला पाठ आहे," बाई म्हणायच्या. "मी आडव्या पडलेल्यांचा लिहितेय."

एका दगडावर 'स्मृतीप्रित्यर्थ' असं कोरलेलं होतं. मी ते मुकाट्याने 'स्मृतिप्रीत्यर्थ' केलं. मुद्रित परत आलं ते लाल शाईने माखून.

"अहो, दगडावर काय आहे?"

"बाई, पण ते चुकीचं आहे."

"ते मलाही कळतं. पण चूक त्यांची, दगड त्यांचा. आपण कोण पुसणार? दगडावर असेल तसं."

'दगडावर असेल तसं' हे त्यांचं पालुपद होतं. चहात साखर किती घालू विचारलं तरी त्या तेच म्हणायच्या.

एका रविवारी त्या मला दफनभूमी दाखवायला घेऊन गेल्या. इतकी घाण मी पुण्यात दुसरीकडे पाहिली नव्हती. भिंतीलगतच्या कबरींवर कुणाची तरी अंथरुणं वाळत होती. एका क्रुसाला स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कापडी फलक बांधला होता. एका तान्ह्या बाळाच्या कबरीवर गुटख्याची पिचकारी होती, ताजी, अजून ओघळणारी. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि नारळाची शेंडी काढली, वाकून ती घासून काढली. मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. "रुमाल काढा," त्या म्हणाल्या. "ह्या माणसांचा वास कधीच गेला. हा जिवंतांचा येतोय."

निम्म्या कबरींवर दगडच नव्हते. उरले होते ते चौथरे आणि त्यांत गंजलेल्या खिट्या, दात उपटलेल्या हिरड्यांसारखे. नव्या फ्लॅटवाल्यांना जुना संगमरवर हवा होता आणि तो मेलेल्यांकडे आयता पडून होता. भिंतीवरून उचलायचा, पालथा घालायचा, पाठीला पॉलिश मारायचं, आणि 'बंगल्यातला माल' म्हणून विकायचा. म्हणून बाई कुणाकडेही गेल्या की दगडाखाली हात घालायच्या. दवाखान्याची पायरी, मिठाईच्या दुकानाचा कट्टा, काही सोडायच्या नाहीत. पालथ्या दगडावरची अक्षरं त्यांना बोटांनी वाचता यायची.

वकिलीत नाव काढलेल्या एका गृहस्थांच्या टीपॉयखाली त्यांना बँडमास्टर सापडला होता. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, दगड आमचा आहे, उद्या हातगाडी घेऊन येते. गृहस्थांनी चहा पाजला, हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी टीपॉयवर काच होती आणि गल्लीच्या तोंडाशी कचराकुंडीत बँडमास्टरचे तुकडे होते. वकीलसाहेब म्हणाले, "कुठला दगड?"

"माणसाला लाज वाटली की तो आधी दगड फोडतो," बाईंनी मला हे सांगताना म्हटलं. "तेव्हापासून मी मागत नाही. खिळा सापडला नाही तर मी ओळ सोडून उठायची नाही, तशी वाट बघत बसते."

वर्षभर त्या आमच्याकडे येत होत्या. आईने त्यांचा कप वेगळा ठेवला होता, कान तुटलेला. मला ते दिसत होतं. मी काही बोललो नाही. बाईंनी पहिल्या दिवशीच तो कप निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याचा कान गेलाय, माझेही चाललेत. जमेल आमचं." एकदा त्या थेट दफनभूमीतून आल्या तेव्हा आईने दारातच साबण पुढे केला. "हात धुऊन या हं, तिकडून आलात ना." बाईंनी साबण घेतला नाही. "तिथून निघताना धुतलेत," त्या म्हणाल्या. "आता इथून निघताना धुवेन." त्यानंतर दोन दिवस आई त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. मला मनातून हसू येत होतं, आणि ते चोरून हसावं लागतं याची किळसही.

पुस्तक अडलं होतं ते एकतिसाव्या पानावर. ते सगुणाबाईचं पान. सगुणाबाई सुईण होती. प्लेगात माणसं घरच्या आजाऱ्यांना टाकून गावाबाहेरच्या झोपड्यांत राहायला गेली तेव्हा ती त्या कुलपं न लावलेल्या घरांत शिरायची, पाणी पाजायची, मेलेल्याचे डोळे मिटायची. बाईंची आजी तिच्याच हातावर जन्मली होती. लहानपणी बाईंनी तिच्या दगडावरच्या अक्षरांतून बोट फिरवलं होतं, पण मजकूर पुरता आठवत नव्हता, आणि आठवणीवरून लिहिणार नव्हत्या. दगड चोरीला गेला होता. चौथऱ्यात त्याचा एक कोपरा तेवढा अडकून राहिला होता, वर कोरलेलं कमळाचं अर्धं फूल. "एवढीच उरलीय," त्या रविवारी त्यांनी मला दाखवलं होतं.

प्रश्न नुसता पुस्तकाचा नव्हता. दफनभूमीत जागा संपत आली होती. ज्या कबरीवर दगड नाही आणि वहीत नोंद नाही ती रिकामी धरून पुन्हा वापरायची, असं तिथल्या समितीने ठरवलं. सगुणाबाईच्या काळातली वही वाळवीने खाल्ली होती. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, ईस्टरपर्यंत दगड दाखवा. नाहीतर ती ओळ आम्ही उकरणार." बाई मला म्हणाल्या, "मिळेल. ईस्टरला अजून अवकाश आहे."

इथवर मी स्वतःविषयी जरा बरं लिहिलं आहे. आता पुरे.

ते कमळाचं फूल पाहिल्यापासून मला आमच्या टेबलाचा टवका उडालेला कोपरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. एका दुपारी मीना कामावर आणि आई मावशीकडे गेलेली असताना मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली उताणा पडलो. प्लाय सुटलं तशी झुरळांची वाळलेली अंडी तोंडावर पडली. मग अक्षरं दिसली. शिसं भरलेली, वळणदार. फटीतून वर्षानुवर्षं झिरपलेली आमटी त्यांत सुकून काळी पडली होती.

सगुणाबाई
सुईण
कोणी शिवेना तेव्हां हिनें हात लाविला
पेठेंतील बायांनीं हा धोंडा बसविला

खाली दोन तारखा होत्या.

मला ओकारी आली. पहिली दगडाचीच आली, खोटं कशाला बोलू. पाच वर्षं आपण कबरीवरच्या दगडावर जेवलो, आईने त्यावर पुरणपोळ्या ठेवल्या, असले विचार. तोंड धुऊन मी परत टेबलाखाली शिरलो आणि प्लाय होतं तसं लावलं. होते त्याहून चार स्क्रू जास्त मारले. त्या चार स्क्रूंची शिसारी अजून गेलेली नाही.

का सांगितलं नाही? आई अंथरूण धरेल. सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चोरीचा माल घेतला म्हणून पोलीस येतील. आधी नवं टेबल आणू, मग सांगू. मीनाचं बढतीचं चाललंय, ते होऊन जाऊ दे. असं एकेक कारण मला रोज सुचत होतं. मी वकीलसाहेबांना मनातल्या मनात हलकट म्हटलं होतं. त्यांनी निदान एका दिवसात निकाल लावला. मी रोज तीनदा त्या दगडावर जेवत होतो आणि ईस्टर जवळ येताना बघत होतो.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या. आत येताच म्हणाल्या, "टेबल हललंय."

"फरशी पुसायला सरकवलं होतं."

त्यांनी टेबलाखाली हात घातला नाही. कान तुटलेल्या कपातला चहा सावकाश संपवला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आणखी काही सांगायचंय का?"

"नाही. तिसाव्या पानापर्यंत तयार आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या 'बरं'ला मी त्या वेळी साधं 'बरं' समजलो.

ईस्टर झाला. ओळ उकरली गेली. त्या दिवशी बाई तिथं उभ्या होत्या, असं नंतर त्यांच्या भाचीकडून कळलं. निघालेली हाडं त्यांनी हातात घेऊन गोणपाटात भरली आणि त्याच खड्ड्याच्या तळाशी नीट लावून ठेवली. मजूर हात लावायला तयार नव्हते. वर दुसऱ्या कुणाची तरी पेटी उतरली. त्यानंतर त्या एकदाच माझ्याकडे आल्या. मी हलक्या आवाजात विचारलं, "एकतिसावं पान काढून टाकू का?"

"काढायचं नाही. कोरं सोडा. मजकूर नसला तरी जागा धरायची असते, अहो. एवढंही तुमच्या कंप्युटरला येत नाही?"

दोन महिन्यांनी दम्याने त्या गेल्या. मी दफनाला गेलो, मागे उभा राहिलो, सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली. निघताना फाटकाशी नळ होता. हात धुवायला पुढे गेलो आणि न धुताच परतलो.

आठवड्याने भाची त्यांची मुद्रितं घेऊन आली. "आत्याने सांगितलंय, हे तुम्हालाच द्यायचं, बाकी कुणाला दाखवायचं नाही." ती गेल्यावर मी पानं उलटली. एकतिसाव्या पानाच्या जागी वहीतलं जुनं पान टाचलं होतं. त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत चार ओळी होत्या आणि वर तारीख. त्या आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दिवसाची.

'दुकानदाराने सांगितलं तेच घर. कोपरा जुळतो. दगड प्लायखाली आहे. मागायचा नाही, फुटेल. माणूस भला आहे. आपणहून सांगेल.'

पुण्यात डीटीपीवाले पैशाला पासरी होते. माझ्याकडेच त्या का आल्या, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आईला आणि मीनाला टेबलाजवळ बसवून सगळं सांगितलं. आई "शी शी" करत न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेत राहिली. बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा तो कान तुटलेला कप उचलून मोरीत फेकला. मीना म्हणाली, "कपाने काय केलं होतं?" दुसऱ्या दिवशी मी टेम्पो करून दगड घेऊन गेलो. रखवालदार म्हणाला, "आता कुठं लावू साहेब? तिच्या जागी तर दुसरं माणूस हाय." शेवटी तो नळाशेजारच्या भिंतीला टेकवून उभा केला. अजून तिथंच आहे.

पुस्तक मी स्वतः छापलं. एकतिसाव्या पानावर सगुणाबाईचा मजकूर घातला, अनुस्वारांसकट. त्याखाली बाईंची ती पेन्सिलीची टीप घातली, आणि ते घर माझं होतं हेही छापलं. मुद्रित तपासताना त्या टिपेतल्या एका शब्दावर माझी लाल पेन्सिल थांबली. चूक उघड दिसत होती. पण बाईंचा नियम ठरलेला होता. 'भला' तसाच ठेवला.