नवरा शेजारी वाचायला जायचा

म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला तेव्हा माझा नवरा आणि त्याचा एक सहकारी तिथेच काम करत होते. नवऱ्याचा डावा हात भाजला. सहकारी गेला.

हात हळूहळू भरून आला, पण नवरा गप्पच झाला. कुकरची शिट्टी वाजली की भरल्या ताटावरून उठून बाहेर जायचा. मी कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागले. "बोल ना माझ्याशी," असं किती वेळा म्हटलं असेल. उत्तर ठरलेलं. "बरा आहे मी."

म्हैसूरच्या विजयनगर भागात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड मिसळून. एका दुपारी नवरा फाटकापाशी नुसता उभा होता. काकूंनी हाक मारली, "बा रे इकडे. सुम्ने उभा राहून काय करतोस? बारीक अक्षर दिसत नाही मला आता, हे जरा वाचून दाखव."

मला हसू आलं. लग्न झाल्यापासून या माणसाने एक पुस्तक पुरं केलं नव्हतं. पुण्याहून येताना मी तीन खोकी पुस्तकं आणली, तेव्हा "हे सगळं खरंच लागतं का?" असं विचारणारा हाच. पण तो गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग चहा झाला की चपला घालायचा आणि मी काही विचारायच्या आत फाटकाबाहेर असायचा.

माझा जळफळाट सुरू झाला. काकू सत्तरी ओलांडलेल्या. जळावं असं त्यांच्यात काय होतं? पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा आवाज यायचा. चांगला मोकळा, चढउतार असलेला. मला मात्र घरी दिवसाकाठी दोनच वाक्यं मिळत होती, तीही जेवणाबद्दल. भांडी घासताना मी नळ बारीक ठेवायचे.

तो वाचत होता ती एक जुनी कादंबरी होती. दोघे मित्र विहीर खणत असतात, दरड कोसळते, एकच वर येतो. पुढचं सगळं पुस्तक त्या वर आलेल्याचं.

एके दिवशी वाचता वाचता त्याचा आवाज थांबला. तो म्हणाला, "काकू, मीच त्याला म्हटलं होतं, तू पुढे हो, मी पाना घेऊन येतो." मग तो रडला. काकू एवढंच म्हणाल्या, "हूं. रड."

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. दवाखान्यात रात्रंदिवस मी बसले, पट्ट्या मी बदलल्या, आणि हे वाक्य शेजारच्या व्हरांड्यात सांडलं. त्याची दया आली, हे खरं. पण आधी राग आला.

तो घरी आला तेव्हा मी म्हटलं, "उद्यापासून मला वाचून दाखव. घरात पुस्तकांची काय कमी आहे?"

"तुला नाही जमणार."

"मला? मला जमणार नाही?"

तो खुर्चीत बसला. "काकू डोळे मिटून ऐकतात. तू माझ्याकडे बघत बसतेस. मला काही होतंय का, ते बघतेस. मग मला बरं असावं लागतं."

मी तरातरा मोरीत गेले आणि तोंड धुतलं. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

कादंबरी संपल्यावर मी काकूंकडे ती मागितली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घे ग. पण तो कुठे रडला ते शोधायला वाचू नको, बेड, अगदी नको. तुझ्यासाठी वाच."

मी अर्थातच तेच शोधायला घेतलं. पण त्या पानापर्यंत पोचलेच नाही. आधीच एक प्रसंग आला: वर आलेल्याची बायको विहिरीच्या काठावर उभी, खालून कोणाचा आवाज येतोय ते कळत नाही, आणि ती देवाला म्हणते, दुसरा मेला तरी चालेल. मी पुस्तक मिटलं. दवाखान्याच्या जिन्यात, कोण गेलं हे कळायच्या आधी, मीही नेमकं हेच म्हटलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नवरा आला तेव्हा मी पलंगावर रडत होते. या वेळी तोच माझ्याकडे बघत राहिला.

"कुठवर आलीस?" त्याने विचारलं.

मी पान उघडून दाखवलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, मग शेजारी बसला. मी त्याला जिन्यातलं सांगितलं. त्याने पुस्तक मिटून उशाशी ठेवलं. मग म्हणाला, "जो गेला त्याच्या बायकोनेही हेच मागितलं असेल."

आता काकूंकडे दुसरी कादंबरी चालू आहे. तो रोज जातो. घरी आल्यावर कधी सांगतो, कधी नाही. काकूंनी मलाही बोलावलं, पण मी जात नाही. त्याच्यापुढे डोळे मिटून बसणं मला अजून जमेलसं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर, खिडकीतून त्याचं हसणं ऐकू आलं की आजही मी नळ बारीक करते, आणि थोडी जळतेही.