मेरी हार्टचा मामा

मी दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा बाबा दारापर्यंतही आले नाहीत. पहिल्यांदा मेलबर्नला शिकायला निघालो, तेव्हा ते साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत सोबत आले होते आणि वाटेत तीनदा पासपोर्ट आहे का म्हणून विचारलं होतं. दुसऱ्या वेळी मात्र मी सुट्टीवर येऊन तिकडे भेटलेल्या क्लेअरबद्दल सांगून बसलो होतो. आईने हातावर दही घातलं. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत राहिले. "ना कूळ माहीत, ना मूळ," एवढंच ते आदल्या दिवशी बोलले होते.

त्याला आठ वर्षं झाली. आम्ही इथे लग्न केलं, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकला घर घेतलं. जे इकडे आलेत त्यांना दर रविवारचा व्हिडिओ कॉल सांगायला नको. समोर आईचं कपाळ आणि वरचा पंखा. आमच्या कॉलमध्ये मागे एक उघडा पेपरही दिसायचा, त्याच्या आड बाबा. माझी तब्येत विचारायचे. क्लेअरचं नाव निघालं की पान उलटायचे. क्लेअर बिचारी दर रविवारी "नमस्कार बाबा" म्हणायची आणि मग किचनमध्ये निघून जायची. मला राग यायचा, आणि खरं सांगतो, रडूही यायचं. त्यांनी तिच्याशी एकदा बोलावं, बस, याहून जास्त मला काही नको होतं.

गेल्या वर्षी क्लेअरची आई मार्गरेट पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. सोबत कागदांचा एक खोका. तिच्या खापरपणजीचं, पुढे इकडे आलेल्या मेरी हार्टचं, लग्न इंग्लंडात कुठल्या चर्चमध्ये झालं ते तिला शोधायचं होतं. तिकडे प्रत्येक गावच्या चर्चची आपली वही असते: कुणाचं कुणाशी लग्न लागलं, खाली दोघांच्या सह्या, त्याखाली साक्षीदार. त्या जुन्या वह्यांची पानं आता घरबसल्या स्क्रीनवर पाहता येतात. आणि मार्गरेटला सापडल्या दोन मेरी हार्ट. शेजारशेजारची गावं, थोड्या वर्षांचं अंतर, आणि दोघींच्या नवऱ्याचं नाव जॉन मिलर. "आय जस्ट वॉन्ट टु नो विच वन इज माइन," ती म्हणायची. वय ब्याऐंशी. घाई होती तिला.

मी हे आईला गंमत म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये रे." तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, "साक्षीदार कोण आहेत, विचार तिला."

बाबांची सगळी नोकरी जमिनीच्या जुन्या कागदांत गेली. रेकॉर्ड रूममधून फाटकातुटका उतारा शोधून काढावा तर त्यांनीच. पण त्या दिवशी ते कागदाबद्दल नाही, लग्नाबद्दल बोलत होते. "मुलीचा मामा हजर असणारच. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढते का? मामा शोधा, मुलगी सापडेल."

मी हसलो. "बाबा, गोऱ्यांत मामाचं तसं काही नसतं."

"तू मला शिकवू नकोस. पानं पाठव."

आली का पंचाईत! पाठवली. दुसऱ्या दिवसापासून आईच्या फोनवरून त्यांच्या सुवाच्य अक्षरातल्या टिपणांचे फोटो येऊ लागले. मुलीच्या आईचं माहेरचं आडनाव काय? मार्गरेटच्या खोक्यात मेरीच्या इथल्या मृत्यूचा दाखला होता, त्यावर ते होतं: स्टिकलँड. मग आणखी पानं मागवली, मागची दहा, पुढची दहा. त्यांचं म्हणणं असं, की एका चर्चमधला साक्षीदार पानापानावर तोच आहे. तो चर्चचाच माणूस, येईल त्या लग्नाला सही ठोकणारा. दुसऱ्या चर्चमध्ये मात्र शाईच्या डागाखाली एक सही आहे, ती वीस पानांत एकदाच आली आहे. थॉमस स्टिकलँड.

मामा की मामेभाऊ, देव जाणे. पण माणूस आईकडचा होता. मार्गरेटने आजवर त्या सहीकडे पाहिलंच नव्हतं. तीसुद्धा चर्चच्याच माणसाची असेल, असं तिला वाटलं होतं. मेरीला लिहिता येत नव्हतं, तिने नावापुढे फुली मारली होती. मार्गरेटने स्क्रीनवरच्या त्या फुलीवर बोट ठेवलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

मला वाटलं, संपलं. पण बाबांची टिपणं थांबेनात. मेरीला मुलं किती? त्यातली मार्गरेटची पणजी कोणती? ती कुठे दिली? क्लेअरला मामा आहे का, काय करतो? तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मुलीच्या घरची जी चौकशी लग्नाआधी करायची, ती हा माणूस आठ वर्षांनी करत होता, आणि कसून करत होता.

त्या रविवारी कॉल लागला तेव्हा पेपर नव्हता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले होते. "क्लेअरच्या आईंना बोलव," म्हणाले. मार्गरेट वॉकर ढकलत आली. बाबांनी हात जोडले. "त्यांना सांग, आम्ही मागणी घालायला तुमच्या घरी यायला हवं होतं. ते राहून गेलं."

मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. मार्गरेटने किचनच्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. "डोन्ट आस्क मी, मेट," ती बाबांना म्हणाली. "आस्क हर."

एवढं इंग्रजी बाबांना कळतं. ते क्लेअरकडे वळले. तुम्ही म्हणावं की तू, यात क्षणभर अडखळले.

"घरी कधी येतेस?"

परदेशात राहणाऱ्या माणसाला घर कुठे म्हणून विचारू नये, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. साताऱ्यात माझ्या बायकोला जागा नव्हती, म्हणून ते अर्धंच घर होतं, आणि बाबा बोलत नव्हते म्हणून इथलंही अर्धंच. अर्धी दोन जोडून एक होत नाही, मी करून पाहिलंय.

क्लेअरला मराठी जेमतेम वीस शब्द येतात. ओले हात पुसत ती पुढे आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "येते, बाबा."