मांडेवाल्या मॅडम

"घडी गरम असतानाच घालायची, हो. निवलं की मोडतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कशालाही चालायचं. स्टाफरूममध्ये दोघांचं बिनसलं, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नाही, प्राचार्यांकडे रजा मागायचीय, सगळ्याला हाच सल्ला. बोलताना दोन्ही हात हवेत पसरून त्या न दिसणाऱ्या कशाची तरी चौपदरी घडी घालायच्या आणि शेजारच्या म्हणजे माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी भूगोलाची. "अहो, नकाशे ठेवायला जागा राहू द्या," असं मी म्हटलं की पदर तोंडाला लावून हसायच्या.

नाशिक रोडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवत. माहेर-सासर असं काही नाही, लग्नच केलं नव्हतं. कॉलनीत एकट्या राहत. गाव नामपूरच्या बाजूला, तिथे म्हातारी आई. मुलं त्यांना 'मांडेवाल्या मॅडम' म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नावाचं कारण पेशीतली आंतर्द्रव्यजालिका. माझा तास नसला की मी मागच्या बाकावर जाऊन बसे, कारण तो धडा ऐकण्यासारखा असायचा.

"प्रथिनाची माळ तयार होते ती लांबलचक, सैल. ती या जालिकेच्या पिशव्यांत शिरते. तिथे मदतनीस प्रथिनं तिला सांभाळून घडी घालतात. आमच्याकडे पुरणाचा मांडा उपड्या खापरावरून उतरवला की बाया लगेच घडी घालतात ना, तसं. साखरेचे कण चिकटवतात. मग तपासणी. घडी बरोबर असेल तर छोट्या पुडीत घालून गॉल्गी संकुलाकडे रवानगी, तिथून जिथे काम असेल तिथे. चुकली तर पुन्हा प्रयत्न. तरी नाहीच जमली, तर मागे ओढायची आणि तुकडे करायचे."

एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, थोडीशीच चुकली असेल आणि तशीच जाऊ दिली, तर?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "कधी कधी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "बऱ्यापैकी चाललं असतं. पण पेशी जाऊ देत नाही." मग वळून त्या कोरा फळा पुसायला लागल्या.

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. कायम खोकणारा, कितीही खाल्लं तरी अंगी न लागणारा. त्याची पापी घेतली की आईच्या ओठांना मीठ लागायचं. शाळेत जायच्या वयाआधीच तो गेला. आजीने निकाल देऊन टाकला: ही पोटुशी असताना मिठाचे खडे चघळायची, म्हणून पोर खारट निपजलं. वडील त्यावर काही बोलले नाहीत. नंतरही कधी आईशी बोलले नाहीत. निरोप असला तर मुलीमार्फत. आणि आईने मीठ सोडलं. तेव्हापासून तिचं जेवण अळणी.

"एम.एस्सी.ला वाचताना तो मला दिसला," मॅडम म्हणाल्या. "मिठाला वाट देणारं एक प्रथिन असतं. त्याची घडी जराशी चुकते आणि जालिका ते अडवते. मीठ घामात राहून जातं. तपासणी कुणी केली नव्हती हो, पण दुसरं काय असणार?"

"मग आईला सांगा की."

"कसं सांगू? हा दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. मिठाचा आळ काढायचा आणि रक्ताचा घालायचा?"

मी फटकळच. म्हटलं, "मग तुमची घडी निवतेय की." त्या हसल्या नाहीत. लोकांच्या पोरांना वर्षानुवर्षं समजावणाऱ्या या बाईला जिला सांगायचं तिलाच सांगता येत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आईला सांगितलं. आई शेंगा फोडत बसली होती. मांडे, खापर, घडी, सगळं अहिराणीत समजावलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "निम्मं त्यास्नं व्हतं?"

"हा, आई."

"मंग त्यास्नी मनासंगे बोलनं काबर सोडी दिन्हं?"

वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बोलणं का सोडलं, हे आता विचारणार कुणाला? हे मला सांगताना त्यांचे हात मांडीवर निपचित पडले होते. मी त्यातला एक हातात घेतला.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मी भाजीत घालून दिलं. एक घास खाल्ला. खारट लागतंय म्हणाली आणि ताट सारलं."

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि गावी जाऊन राहिल्या. त्यांच्या टेबलावर आता नवे सर बसतात. चांगला मुलगा आहे, पडद्यावर हलती चित्रं दाखवून शिकवतो. मी मागच्या बाकावर जात नाही.

परवा मॅडमना फोन केला. आईला आता अजिबात ऐकू येत नाही म्हणाल्या. कानाचं यंत्रही उपयोगाचं नाही.

"मग दिवस कसा जातो तुमचा?"

"बोलते की तिच्याशी. या घरात तिच्याशी फार वर्षं कुणी बोललेलं नाही." मग म्हणाल्या, "थांबा हं, ती बघतेय कुणाचा फोन ते."

त्यांचा मोठा, सावकाश आवाज आला. "नाशिकथून मॅडमना फोन शे, आई. तठे भलतं ऊन शे म्हणतस. तुले इचारतस, जेवनी का."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. त्या तरीही सांगतच राहिल्या, माझ्या घरचं, कॉलेजचं. उन्हाबद्दल मी काही बोललेच नव्हते.