मधातलं पाणी

बालाघाटला पीएचडी करताना माझं काम आयनिक द्रव शुद्ध करायचं होतं. म्हणजे थोड्याशा उबेत वितळणारं मीठ. शुद्ध असलं तर ते पांढरं दिसतं, पण माझं चार वर्षं पिवळंच निघत होतं. प्रयोगांसाठी मी बर्फ आणायचो त्या कारखान्यात लुंगी खोचलेला एक माणूस बर्फाच्या लादीच्या मधलं न गोठलेलं पाणी नळीनं ओढून फेकायचा.

"काहून फेकता?" मी विचारलं.

"घाण लवकर गोठत नाही जी. सरकत सरकत मधात येऊन बसते, सायबावानी."

मी मीठ वितळवलं, हळूहळू गोठू दिलं आणि उरलेला पिवळा द्रव ओतून टाकला. तिसऱ्या खेपेला मीठ पांढरंशुभ्र निघालं.

प्रबंधात आभार मानायला मी त्याचं नाव विचारलं. तो घाबरलाच.

"लिहू नका जी! मालकाले वाटन, मी ड्युटीवर कॉलेज चालवून राह्यलो."