दहापैकी किती?

आमचे आण्णा, माझे वडील, म्हणजे कबनूरला यंत्रमागावर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. कौतुकाच्या बाबतीत हात कायम आखडता. दहावीला मला गणितात चौऱ्याण्णव पडले, तेव्हा पेढा तर सोडाच, "आनि ऱ्हायल्यालं सा कुठं गेलं?" एवढं विचारून ते कामावर निघून गेले. त्या सहा मार्कांचा राग मी अजून पोटात ठेवून आहे, आणि ठेवणारच.

दोन वर्षं अंगावर काढलेली कंबरदुखी घेऊन ते मी काम करते त्या राजारामपुरीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आले, तेव्हा मला पुन्हा परीक्षेला बसल्यासारखं झालं. आमच्या सरांनी त्यांना समजावलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती दुखतंय?"

"आठ."

आमच्याकडचा गडी आठ म्हणाला की ते अकरा समजावं. सर म्हणाले, दोन आठवडे करंट आणि व्यायाम देऊन बघू. आकडा उतरला नाही तर ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. ऑपरेशन म्हटल्यावर आण्णांचं तोंड एवढंसं झालं.

उपचार माझ्याकडे आले. कमरेवर मशीनचे चार पॅड लावायचे आणि मुंग्या येईपर्यंत करंट हळूहळू वाढवायचा. "अर्थिंग हाय न्हवं?" हे त्यांनी आधी विचारून घेतलं. नुसत्या करंटनं कंबर बरी होत नाही; दुखणं जरा दबतं, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचे. ते त्यांनी मुकाट्यानं केले. मशीन बंद करून मी नोंदींची वही उघडली.

"आण्णा, दहापैकी किती?"

"धा!" पडद्यापलीकडच्या पेशंटनाही ऐकू गेलं.

आठाचे दहा! दुसऱ्या दिवशीही धा, तिसऱ्या दिवशीही धा. मी पॅडची जागा बदलली, करंट कमी केला, व्यायाम पुन्हा तपासले. माणूस वडापच्या भरगच्च जीपमधून उतरून ताठ चालत येत होता, चप्पल काढताना भिंत धरत नव्हता, आणि वहीत मात्र रोज दहा. लेकीच्या हातून बापाची कंबर बिघडली, असं मनात येऊन मला जेवण जाईना.

शेवटच्या दिवशी सरांनी वही पाहिली आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. तेव्हा मी तडकले.

"आण्णा, एवढं दुखतंय तर चप्पल वाकून कशी काढली? खरं सांगा, दुखतंय किती?"

"दुखतंय व्हय? तीन आसंल. ह्या वयात तेवढं चालायचंच की."

"मग रोज दहा कशाला सांगत होता?"

"तूच इचारत हुतीस की, धापैकी किती म्हनून. मी तुला मार्क देत हुतो."

सरांचं पेन थांबलं. पडद्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. राहिलेल्या सहांचा जाब विचारणाऱ्या माणसानं दोन आठवडे मला रोज पैकीच्या पैकी दिले होते, तेही अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असे. आणि मी शहाणी ते दुखणं म्हणून लिहीत बसले होते! पदवी मिळाली त्या दिवशीही मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

सरांनी चिठ्ठी फाडली आणि मी वहीत तीन लिहिले.

आण्णा अजून अधूनमधून व्यायाम दाखवायला येतात. आता मी विचारायच्या आतच दोन आकडे सांगतात. "दुखनं दोन, तू धा." परवा मात्र पॅड गार लागले म्हणून म्हणाले, "दुखनं दोन, तू नऊ."

मी कशाला सोडते? विचारलं, "आणि राहिलेला एक कुठं गेला?"

"त्या गनिताच्या सा मार्कांच्या संगट गेला," असं म्हणून ते चप्पल घालायला वाकले.

म्हणजे माझे चौऱ्याण्णव त्यांच्याही लक्षात होते.