आल्डनची नको म्हणायची खोड

आल्डन माझा धाकटा भाऊ. इथे उत्तर मिनेसोटात जन्मभर शाळेची बस हाकली, पण कुणी पुढे केलेली वस्तू पहिल्या खेपेला कधी घेतली नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी. कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच कप" म्हणून पूर्ण कप रिचवायचा. पोटात कावळे ओरडोत, हावरट दिसता कामा नये.

त्याच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा त्याची मुलगी ग्रेचन आणि मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टर न्यूयॉर्कहून नुकताच आलेला, हुशार आणि घाईतला.

"गाठ लहान आहे. ऑपरेशन करता येईल."

"नको, माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप," आल्डन म्हणाला.

"मग किरण देऊन गाठ जाळू?"

"ते कुणा तरण्याला द्या."

"तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो. मग फक्त त्रास कमी करणारी औषधं देऊ."

आदर म्हणे! गाढवाने पुन्हा विचारलंच नाही. आणि आमचा शहाणा आभार मानून, टोपी घालून उठला.

गाडीत ग्रेचन रडायला लागली. "आत्या, बाबांना जगायचंच नाही गं."

"कॅलिफोर्नियात राहून सगळं विसरलीस तू! आल्डन, मरायचंय का तुला?"

"तसं काही नाही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण त्यांनी फारसा आग्रह केला नाही."

"अरे, केक आहे का तो?"

दोघांना तसंच परत आत नेलं. डॉक्टरला आमची रीत समजावली. तो आ वासून ऐकत राहिला. ग्रेचनने नाक पुसलं आणि बापासमोर खुर्ची ओढली.

"बाबा, किरण घ्याल?"

"तुम्हालाच खेपा पडतील."

"पडू देत. घ्याल ना?"

"डॉक्टरांना अडचण नसेल तर..."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाला.

"बरं, घेतो. थोडेसेच."

"आणि ऑपरेशन?"

"ते नको." या वेळी 'कशाला' नाही की 'उगाच' नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघत बोलला. "तळं गोठलं की मला बर्फाला भोक पाडून मासे धरायला जायचंय. खाटेवर पडून हिवाळा घालवायचा नाही."

डॉक्टर नवा धडा ताजा ताजा शिकलेला. आग्रह करायला पुढे सरसावला. ग्रेचनने त्याच्या बाहीला धरून त्याला मागे ओढलं.

"थांबा, डॉक्टर. आत्ता खरंच नको म्हणालेत ते."