दामूकाकांची आगबोट आणि कावळा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आज सकाळी एका कावळ्यानं माझा दहीभात खाल्ला, तोही मी जिवंत असताना!

पण दहीभाताच्या त्या आंबूस वासासरशी मी थेट सापगावच्या नदीकाठी, दामूकाकांच्या दहाव्याला पोचलो.

काका लढाईच्या काळात सैनिक वाहणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची. सैनिक दोरांच्या जाळीवरून होड्यांत उतरायचे, आणि भरून गेलेल्या होड्या लढाई झाल्यावर माणसं आणायला जायच्या, त्या अर्ध्या रिकाम्या परत यायच्या. पुढे बोट भंगारात गेली. हे त्यांनी जन्मभर सांगितलं आणि गाव जन्मभर हसलं. त्यांचा चुलतभाऊ महादू तर भर पंगतीत विचारायचा, "दाम्या, भाताच्या खाचरात चालवलीस का रे आगबोट?" पंगत लोळायची. काका मान खाली घालून भात कालवत राहायचे. आज मला तेवढा कालवणारा हातच दिसतो.

तर, पिंडाला कावळा शिवेना. बायकोला सांभाळू, शेत पडीक ठेवणार नाय, सगळी वचनं देऊन झाली. कावळे उंबरावर मजेत बसलेले. उन्हं डोक्यावर आली, भाताला घाम फुटला.

शेवटी काकी उठली. "सांगा त्यांना, आगबोट खरी होती म्हनून. तवर कोन घरी जेवाय जायचा नाय."

सगळ्यांनी महादूकडे पाहिलं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि ओरडला, "होती रे दाम्या, होती तुझी आगबोट! आता जेव लवकर, आमाला पन भूक लागलीय!"